व्हॉल्व्हचा रेडिओ बाळगू इच्छिणाऱ्यांसाठी प्राथमिक सूचना

रेडिओ घेण्याआधी मेकॅनिक शोधावा. ज्यांनी हा क्रम उलटा केला, त्यांची घरे लगेच ओळखू येतात. दिवाणखान्यात मर्फीचा देखणा सेट असतो, त्यावर मनीप्लँट असतो आणि पाहुण्यांनी "चालतो का हो?" असे विचारले की यजमान मनीप्लँटबद्दल बोलू लागतात.

व्हॉल्व्हच्या रेडिओचा मेकॅनिक आता साठीच्या आतला सहसा सापडत नाही. दुकानाच्या पाटीवरूनही तो कळत नाही, कारण पाटीवर मिक्सर, इस्त्री, पंखे दुरुस्त करून मिळतील, एवढेच असते. आत शिरून एकदम रेडिओचा विषय काढू नये. घरातला एखादा मिक्सर न्यावा, चालू असला तरी न्यावा, आणि "जरा आवाज करतोय" म्हणावे. काका तो उघडत असताना आपण वरच्या फळ्या बघाव्यात. तिथे धुळीत व्हॉल्व्हची खोकी दिसली तर मिक्सर दोन दिवस तिथेच राहू द्यावा, म्हणजे परत यायला कारण उरते. तिसऱ्या भेटीत खोक्यांकडे बोट दाखवून "काका, हे ईसीएच ८१ का?" असे विचारावे. काकांनी चष्म्यावरून तुमच्याकडे पाहिले, तर निम्मे काम झाले.

काका खरे की नाही, हे त्यांना मुका सेट उघडताना पाहिल्यावर कळते. नवशिका मेकॅनिक आधी मीटर शोधतो. जुना माणूस मागचा पुठ्ठा काढतो आणि वास घेतो. जळक्या ट्रान्सफॉर्मरचा वास, वितळलेल्या मेणाचा वास आणि झुरळांचा वास हे तीन वेगळे वास आहेत, आणि त्यांचे दरही वेगळे आहेत. मग तो शंभर वॅटचा जुन्या पद्धतीचा, तारेचा बल्ब सिरीजमध्ये लावून सेटला वीज देतो. बल्ब लख्ख पेटून तसाच राहिला तर आत शॉर्ट आहे. भपकन पेटून मंदावला तर आशा आहे. व्हॉल्व्ह तापायला अर्धे मिनिट जाते, तेवढ्यात तो चहाचा एक घोट घेतो. मग स्क्रूड्रायव्हरचे टोक आवाजाच्या कंट्रोलच्या मधल्या टॅगला लावतो. स्पीकरमधून "भों" आला की म्हणतो, "इथून पुढं सगळं चांगलं आहे. आजार आधीचा आहे." एवढ्या एका भोंकाऱ्यात अर्धा रेडिओ तपासून झालेला असतो. असा माणूस मिळाला तर दिवाळीचा फराळ त्याच्याकडे आधी जावा, साहेबांकडे नंतर.

आता खरेदीकडे वळू. मुंबईत चोरबाजारात, मटन स्ट्रीटवर जावे, पण वार बघून जावे. शुक्रवारी पक्की दुकाने बंद असतात आणि रस्त्यावर जुम्याचा बाजार भरतो. पुण्यात जुना बाजार रविवारी आणि बुधवारी असतो. दोन्हीकडे जाताना इस्त्रीचा शर्ट घालू नये. रेडिओकडे सरळ चालत जाणे तर अगदीच टाळावे. आधी शेजारच्या पान्यांचा भाव करावा, पितळी कुलूप हातात घेऊन ठेवावे, आणि निघता निघता, जणू वाटेत आडवा आला म्हणून, रेडिओवर हात ठेवावा. विक्रेता या सगळ्याला भुलत नाही. त्याने तुम्हाला गल्लीच्या तोंडाशीच ओळखलेले असते. तरीही हा विधी करावा, नाहीतर त्याला अपमान वाटतो.

"साब, ब्रिटिश टाइम का है," हे वाक्य येणारच. ते खोडून काढू नये, पण पडताळून बघावे. मुंबईत रीतसर प्रसारण सुरू झाले ते २३ जुलै १९२७ रोजी, तेव्हा "डेढ सौ साल पुराना" रेडिओ दाखवणाऱ्याला नुसता नमस्कार करून पुढे जावे. बाकीच्यांसाठी मागचा पुठ्ठा उघडायला सांगावा. व्हॉल्व्ह मोठाले आणि आठ जाड पायांचे असतील, तर चाळीसच्या दशकाबद्दल बोलणी करायला हरकत नाही. बोटाएवढे, सगळे काचेचे, नऊ बारीक पायांचे असतील, तर गोष्ट पन्नाशीतली किंवा नंतरची. ईएल ८४ हा आवाजाचा व्हॉल्व्ह १९५३च्या सुमारास आला. तो मुळापासूनच ज्या सेटमध्ये आहे, तो सेट माउंटबॅटनसाहेबांनी ऐकलेला असण्याचा संभव कमी. डायलवर विविध भारती छापले असेल तर सेट ३ ऑक्टोबर १९५७च्या अलीकडचा आहे, कारण त्या दिवसाआधी विविध भारती नव्हतीच. आणि पियानोच्या पट्ट्यांसारखी दाबायची बटणे असतील तर ब्रिटिशांचे नावही काढू नये.

डायल वाचायला शिकावे. नुसत्या शोभेपेक्षा त्यात पुष्कळ काही असते. कोलंबो, लाहोर, लंडन, मॉस्को ही नावे एका काचेवर शेजारी शेजारी बसलेली दिसतात. त्यांतले कोलंबो सगळ्यांत महत्त्वाचे. १९५२ साली बा. वि. केसकर माहिती आणि नभोवाणी खात्याचे मंत्री झाले. जन्माने पुण्याचे, शास्त्रीय संगीताचे कडवे भक्त. त्यांच्या कारकिर्दीत आकाशवाणीवरून चित्रपटगीते जवळजवळ हद्दपार झाली. त्याच वर्षी रेडिओ सिलोनवर बिनाका गीतमाला सुरू झाली आणि बुधवारी रात्री देशभरातले काटे २५ आणि ४१ मीटरकडे सरकू लागले. म्हणून शॉर्टवेव्ह नसलेला सेट त्या काळी कमी दर्जाचा मानत, आणि आजही संग्राहक मानतात. आज शॉर्टवेव्हवर ऐकण्यासारखे फारसे उरले नाही, हा मुद्दा इथे गैरलागू आहे.

व्हॉल्व्हच्या नंबरातले पहिले अक्षर पाठ करावे. परीक्षेत हाच प्रश्न येतो, आणि नापास झाल्यास विजेचा झटका बसतो. ई असेल तर व्हॉल्व्हची वात ६.३ व्होल्टची असते. असा सेट बहुधा ट्रान्सफॉर्मरवाला असतो आणि नवशिक्याने तोच घ्यावा. डी असेल तर तो बॅटरीचा सेट. गावात वीज पोचण्याआधी असे सेट पाटलांच्या आणि सावकारांच्या वाड्यांत असत. त्याला १.४ व्होल्टची वात आणि शिवाय ९० व्होल्टची जाडजूड बॅटरी लागते. ही बॅटरी आता बाजारात मिळत नाही, म्हणून विक्रेता सांगतो, "बस बॅटरी डालो, चालू." यू असेल तर हात मागे घ्यावा. हा एसी-डीसी दोन्हींवर चालणारा सेट. त्याला ट्रान्सफॉर्मर नसतो, भिंतीतली वीज सरळ लोखंडी चासीवर आलेली असू शकते. प्लग एका बाजूने लावला तर चासी शांत, उलटा लावला तर जिवंत. अशा सेटचे एखादे बटण गळून नुसता दांडा उरला असेल, तर तो दांडा म्हणजे थेट वीज मंडळ. पूर्वी घरातली मोठी माणसे रेडिओला हात लावू देत नसत, त्यामागे शिस्तीइतकेच हेही एक कारण असावे.

बाजारापेक्षा चांगला माल नातेवाइकांच्या माळ्यावर असतो. तिथे भाव करावा लागत नाही, पण मुहूर्त बघावा लागतो. तेराव्याला माळ्याचा विषय काढू नये. वर्षश्राद्धाला चालतो, आणि जेवणानंतर काढल्यास लवकर निकाल लागतो. घर पुण्यातले असेल तर हा तोच रेडिओ, ज्यावर घरच्यांनी गीतरामायण ऐकले, असे सांगितले जाईल. १९५५च्या रामनवमीला पुणे केंद्रावरून ते सुरू झाले आणि छपन्न गाणी वर्षभर चालली. लोक रेडिओला हार घालून, उदबत्ती लावून बसत, ही ऐकीव गोष्ट नाही, बघणारी माणसे अजून आहेत. आता समोरचा सेट जर साठीच्या दशकातला, पियानोच्या बटणांचा असेल, तर तुम्हाला ते दिसेल. दिसू द्यावे. ऐंशी वर्षांच्या आत्याबाई डोळे पुसत असताना त्यांना ईएल ८४चा सन सांगणारा माणूस रेडिओ घेऊन घरी जात नाही, आणि जाऊही नये.

त्याच माळ्यावर रेडिओच्या लायसनचे पुस्तक आहे का, हे मात्र जरूर विचारावे. रेडिओ बाळगायला सरकारी परवाना लागे. पोस्टात जाऊन वर्षाचे पंधरा रुपये भरायचे आणि पुस्तकात तिकिटे डकवून शिक्का मारून घ्यायचा. ऐंशीच्या दशकात ही भानगड संपली आणि बहुतेकांनी पुस्तके रद्दीत घातली. ज्या घरात ते जपलेले सापडते, तिथे एकेका वर्षाचे तिकीट, एकेका पोस्टमास्तरचा गिचमिड शिक्का, मध्येच एक कोरे वर्ष, आणि पुढच्या वर्षी वडिलांनी केलेली ठसठशीत सही. माझे मत विचाराल तर रेडिओ मोडका निघाला तरी चालेल, पण हे पुस्तक सोडू नये.

ग्रामोफोनबद्दल एका परिच्छेदात उरकतो, कारण तो विषय काढला की माणूस बिघडतो. चकचकीत पितळी कर्णा, त्याखाली नवीन पॉलिशची अष्टकोनी पेटी आणि पेटीवर कुत्र्याचे चित्र, असे यंत्र दिसले तर ते तुमच्यापेक्षा वयाने लहान असण्याची दाट शक्यता आहे. असली यंत्रे सुट्या भागांतून जुळवून पर्यटकांसाठी बनवतात. चित्रकार फ्रान्सिस बॅरोडने तो कुत्रा आधी एडिसनच्या फोनोग्राफसमोर बसलेला रंगवला होता आणि नंतर फोनोग्राफ रंगाखाली बुजवून तिथे ग्रामोफोन काढला. म्हणजे या कुत्र्याला यंत्र बदललेले पहिल्यापासून चालते. खरा, वापरातला ग्रामोफोन हवा असेल तर काळ्या सुटकेसमधला हिज मास्टर्स व्हॉइसचा १०२ नंबरचा बघावा. त्याचा कर्णा पेटीच्या पोटात असतो, म्हणून तो फोटोत उठून दिसत नाही, म्हणून तो स्वस्त पडतो. सुया डबीभर घ्याव्यात. ७८च्या तबकडीला प्रत्येक बाजूला नवी सुई लागते, आणि जो विक्रेता "एक सुई सालभर चलेगी" म्हणतो, त्याला तबकड्याही विकायच्या असतात. त्या तबकड्या लाखेच्या आहेत. पडल्या तर लाखेसारख्याच फुटतात.

शोभेच्या वस्तूंचा नाद पहिल्या वर्षी करू नये. ओगलेवाडीचा प्रभाकर कंदील चांगल्या काचेसकट मिळाला तर घ्यावा, तो अपवाद. बाकी काचेचे मासे, सिरॅमिकची बदके, ईगलचे थर्मास, लंबकाची घड्याळे यांच्यात शिरलात तर रेडिओला जागा उरणार नाही. त्यातून घड्याळांची गंमत अशी, की यंत्र एका कंपनीचे, तबकडी दुसरीची आणि पेटी गल्लीतल्या सुताराची असा संयुक्त संसार तिथे सर्रास मांडलेला असतो.

बॅकेलाइटची परीक्षा मात्र शिकून ठेवावी. लिओ बेकलंडने १९०७ साली शोधलेले हे प्लॅस्टिक एकदा साच्यात घट्ट झाले की पुन्हा वितळत नाही. अंगठ्याने जोरात घासून ते गरम करावे आणि नाक लावावे. कार्बोलिकसारखा उग्र वास आला तर ते खरे. ही परीक्षा बाजारात, लोकांदेखत, दुसऱ्याच्या मालावर करायची असते. धीर नसेल त्याने लाकडी सेट घ्यावेत.

सेट घरी आल्यावर त्याच दिवशी प्लग लावू नये. हे वाक्य मी मोठ्या अक्षरांत छापायला सांगितले होते. पन्नास-साठ वर्षे बंद पडलेल्या सेटमधले कंडेन्सर सुकलेले किंवा गळके असतात. मेणात बुडवलेला एक नखाएवढा कागदी कंडेन्सर आवाजाच्या व्हॉल्व्हच्या आधी बसलेला असतो. तो गळू लागला की व्हॉल्व्ह आधी लाल होतो, मग ट्रान्सफॉर्मर तापतो, आणि मग तो पहिला वास येतो, ज्याचा दर सर्वांत जास्त आहे. काका हा कंडेन्सर डोळे मिटून बदलतात. नवा थोडक्या रुपयांत मिळतो, मुंबईत लॅमिंग्टन रोडला, पुण्यात तपकीर गल्लीत. दुकानदाराला मात्र "चारशे व्होल्टचा" असे स्पष्ट सांगावे, नाहीतर तो मोबाइलच्या चार्जरच्या मापाचा देतो.

साफसफाईचा उत्साह आवरावा. लाकडावरची धूळ दाढीच्या ब्रशने काढावी. भोकांतून पिठासारखा भुसा पडत असेल तर लाकडाला कीड आहे. तो सेट इतर लाकडी सामानापासून दूर, शक्यतो ज्याच्याकडून आणला त्याच्या घरी ठेवावा. डायलची काच आतून पुसणे हा या छंदातला सर्वांत मोठा गुन्हा आहे. गावांची नावे काचेच्या आतल्या अंगाला रंगाने छापलेली असतात आणि तो रंग एवढ्या वर्षांत सुटा झालेला असतो. ओले फडके एकदा फिरवले की लंडन, मॉस्को आणि ऑल इंडिया रेडिओची सगळी केंद्रे एका झटक्यात फडक्यावर येतात. कामवाल्या मावशींना ही सूचना द्यायची गरज नाही, त्या जुन्या रेडिओला हातच लावत नाहीत. ती घरच्या मालकाला द्यायची आहे.

आणि एक विनंती. आतले सगळे काढून टाकून त्यात ब्लूटूथचा स्पीकर बसवून देणारे लोक हल्ली भेटतात. वर "बाहेरून हेरिटेज, आतून मॉडर्न" असे सांगतात. काढलेली चासी कुठे जाते, हे त्यांना विचारून पाहा. भंगारात, किलोवर. त्या चासीवर कुणीतरी एकेक डाग हाताने दिलेला असतो, ठाण्याच्या मर्फीच्या कारखान्यात किंवा कलकत्त्याच्या फिलिप्समध्ये, आणि तोच रेडिओ होता. उरले ते खोके. खोक्यात गाणी ऐकायची तर बुटांचे खोकेही चालते.

रेडिओ घरात ठेवण्याच्या जागेविषयी शास्त्रात मतभेद आहेत. पूर्वी तो माजघरात, उंच फळीवर, क्रोशाच्या विणलेल्या झाकणाखाली असे. आता फळीवर टीव्हीचा सेट-टॉप बॉक्स असतो. पहिला सेट आणताना फार विरोध होत नाही. "अहो, छान दिसतोय," असेही ऐकू येते, आणि भोळा संग्राहक ते परवानगी म्हणून लिहून ठेवतो. तिसऱ्या सेटला "हा कुठे ठेवणार?" असा प्रश्न येतो. पाचव्याला प्रश्न येत नाही. प्रश्न यायचे थांबले की सावध व्हावे, आणि पुढचा सेट काकांच्याच दुकानात ठेवावा. "दुरुस्तीला आहे" हे उत्तर वर्षानुवर्षे खपते.

शेवटी ऐकण्याविषयी. सेट दुरुस्त झाला, तापला, स्टेशन जुळल्याचे दाखवणारा हिरवा मॅजिक आय उघडला, मीडियम वेव्ह लावली, आणि नुसतीच खरखर आली, तर काकांना फोन करू नये. दोष सेटचा नाही. एलईडी बल्ब, मोबाइलचे चार्जर, वायफायचा राउटर, इन्व्हर्टर यांच्या आत वीज सेकंदाला हजारो वेळा तोडून जोडली जाते आणि त्याचा कचरा नेमका मीडियम वेव्हवर पडतो. पन्नास साली घरात यांतले काहीच नव्हते. उपाय एकच. एकेक बंद करत जावे. आधी चार्जर, मग दिवे, मग राउटर, ज्याला घरातून सर्वांत जास्त प्रतिकार होतो. गॅलरीत दहा-बारा फूट तारेची एरियल बांधली तर आणखी फरक पडतो. मग अंधारात, पंख्याखाली, घामाघूम कुटुंबासमोर आकाशवाणी स्वच्छ लागते. बहुधा बाजारभाव चालू असतात. पन्नाशीतल्या त्या भरदार, गोल आवाजात कांद्याचा क्विंटलचा दर ऐकणे काय असते, हे ज्याने ऐकले त्यालाच कळेल. घरच्यांना लगेच कळेल, अशी अपेक्षा ठेवू नये.

एवढे करूनही दर दोन मिनिटांनी करकर येत असेल, तर ती इमारतीची लिफ्ट आहे. रात्री आठ ते नऊ लिफ्ट बंद ठेवावी, असा अर्ज सोसायटीकडे करता येतो. सेक्रेटरींकडे तो घेऊन जाण्याआधी आपला मेंटेनन्स कधीपासून थकला आहे, तेवढे बघून जावे.